प्रतिनिधी कोणाला म्हणावे?

मनुष्य पदावर असताना ज्यांच्या वतीने बोलतो, त्यांच्याशी असलेले त्याचे नाते पद सुटल्यावर संपते काय? व्यवहारात आपण या प्रश्नाचे उत्तर फारसा विचार न करता देऊन टाकतो. मुदत संपली, निरोपसमारंभ झाला, हार-तुरे झाले, की त्या व्यक्तीने आपले काम पूर्ण केले असे आपण धरून चालतो. तिची जागा दुसरा घेतो आणि जबाबदारीही त्याच्याकडे जाते. ही व्यवस्था सोयीची आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. कारण पदाला चिकटून बसणारी माणसे संस्थांचे व मंडळ्यांचे किती नुकसान करतात हे आपण जाणतो. तथापि या सोयीच्या उत्तराने प्रश्नाचा एक भाग झाकून जातो. जबाबदारी ही पदाची असते की माणसांची? आणि माणसांची असेल, तर पद गेले तरी माणसे तेथेच असतात, त्यांचे काय?

या प्रश्नाचा विचार करताना मला एका जपानी लोकप्रतिनिधीचे चरित्र फार उपयोगी वाटते. त्यांचे नाव तानाका शोझो. जपानच्या पहिल्या संसदेत ते निवडून आले, दहा वर्षांहून अधिक काळ तेथे बोलले, मग राजीनामा देऊन बाहेर पडले आणि पुन्हा कधीही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. सामान्यतः येथे एखाद्याची राजकीय कारकीर्द संपते आणि चरित्रकाराची लेखणी थांबते. तानाका यांच्या बाबतीत मात्र त्यांच्या प्रतिनिधित्वाची खरी कसोटी येथून पुढे लागली.

जपानी भाषेत लोकप्रतिनिधीला 'दाइगिशी' असा एक शब्द आहे. दुसऱ्याच्या ऐवजी विचारविनिमय करणारा, असा त्याचा अर्थ. आपल्या 'प्रतिनिधी' या शब्दातही हाच 'ऐवजी' दडलेला आहे: एकाच्या जागी ठेवलेला दुसरा. भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा शब्दांपाशी थोडे थांबावेसे वाटते. कोणी कोणाच्या 'ऐवजी' बसला आहे याचा अर्थच असा की, ज्याची ती जागा, तो तेथे हजर नाही. प्रतिनिधित्वाची थोरवी या शब्दात आहे आणि त्याचा धोकाही याच शब्दात आहे.

नदी आणि खाण

तानाका यांचा जन्म १८४१ साली आजच्या तोचिगी प्रांतातील कोनाका या खेड्यात झाला. घराण्याकडे गावाची मुखत्यारी होती आणि तरुण वयातच ती त्यांच्याकडे आली. जमीनदार सरदाराच्या घराण्याने गावाचे जुने हक्क मोडले तेव्हा त्यांनी विरोध केला आणि त्यापायी दहा महिन्यांहून अधिक काळ कोठडी भोगली. पुढे सरकारी नोकरीत असताना वरिष्ठाच्या खुनाचा खोटा आळ त्यांच्यावर आला व सुमारे तीन वर्षे तुरुंगात गेली. १८७४ साली ते निर्दोष सुटले. १८८० मध्ये ते प्रांतिक सभेत निवडून आले, पुढे तिचे अध्यक्ष झाले, आणि १८९० साली देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रतिनिधी सभागृहात गेले.

त्यांच्या मतदारसंघातून वातारासे नावाची नदी वाहते. पूर्वी तिला पूर येत तेव्हा डोंगरातला सुपीक गाळ शेतांवर पसरत असे आणि शेतकरी पुराला फारसे भीत नसत. परंतु नदीच्या उगमाकडे आशिओ येथे तांब्याची खाण होती. फुरुकावा इचिबेइ या उद्योगपतीने ती १८७७ साली घेतली; काही वर्षांतच मोठा साठा सापडला आणि आशिओ ही देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण झाली. भट्ट्यांसाठी व खाणीतील आधारांसाठी डोंगरावरची झाडे तोडली गेली. जी उरली ती गंधकाच्या धुराने वाळली. उघडे पडलेले डोंगर पाणी धरून ठेवीनात. पूर वाढले, आणि त्यांच्याबरोबर आता सुपीक गाळाऐवजी खाणीचा विषारी चोथा येऊ लागला. आधी नदीतील मासे मेले. १८९०च्या पुरानंतर शेतेही पिकेनाशी झाली.

डिसेंबर १८९१ मध्ये तानाका यांनी हा प्रश्न संसदेत मांडला. राज्यघटनेने प्रजेच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे वचन दिले आहे. मग या शेतकऱ्यांच्या शेतांचे रक्षण का होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ज्या खात्याने उत्तर द्यायचे, त्या शेती व व्यापार खात्याचे मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा धाकटा मुलगा फुरुकावांनी दत्तक घेतलेला होता. तांबे ही देशाची महत्त्वाची निर्यात होती. तिच्यातून परकीय चलन येत होते आणि देशाला कारखाने व शस्त्रे हवी होती. थोड्या खेड्यांच्या शेतांपेक्षा राष्ट्राचे हित मोठे, असा हिशेब मांडणे कठीण नव्हते.

वर्षामागून वर्षे तानाका तोच प्रश्न विचारत राहिले. १८९६ साली महापूर आला. त्यानंतरच्या वर्षी शेतकरी जथ्याने राजधानीकडे चालत गेले. सरकारने खाणीला प्रतिबंधक उपाय करण्याचा हुकूम दिला, पण त्याने विष थांबले नाही. १८९९ मध्ये सभासदांचे वार्षिक मानधन ८०० येनवरून २,००० येन करण्याचा ठराव आला, तेव्हा तानाका यांनी विरोध केला आणि ठराव संमत झाल्यावर आपले सर्व मानधन नाकारले. १३ फेब्रुवारी १९०० रोजी कावामाता येथे पोलिसांनी शेतकऱ्यांचा मोर्चा मोडला आणि अनेकांना पकडले. चार दिवसांनी तानाका संसदेत उभे राहिले. प्रजेला मारणे म्हणजे राष्ट्रालाच मारणे होय, आणि हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती राष्ट्र बुडालेलेच आहे, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय होता. पंतप्रधान यामागाता यांनी लेखी कळवले की, प्रश्नाचा अर्थच समजत नसल्यामुळे उत्तर देता येत नाही.

हे उत्तर मी अनेकदा मनाशी घोळवले आहे. प्रश्न अवघड शब्दांत नव्हता. तो समजून घेतला असता तर काहीतरी करावे लागले असते. म्हणून तो समजला नाही.

राजीनामा ही माघार होती काय?

२३ ऑक्टोबर १९०१ रोजी तानाका यांनी संसदेचा राजीनामा दिला. १० डिसेंबरला सम्राट संसदेचे उद्घाटन करून परतत असताना, हिबिया येथे, साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस हातात अर्ज घेऊन राजरथाकडे धावला. पोलिसांनी त्यांना पकडले. अर्जाचा मसुदा कोतोकु शूसुई या तरुण पत्रकाराने लिहिला होता आणि तानाका यांनी त्यात दुरुस्त्या केल्या होत्या. सरकारने त्यांना वेडा ठरवून सोडून दिले. खटला चालवला असता तर अर्जातील मजकुराची न्यायालयात चर्चा झाली असती. वेडाची चर्चा करावी लागत नाही. तरी अर्ज वर्तमानपत्रांत छापला गेला. शेकडो विद्यार्थी विषग्रस्त प्रदेश पाहायला गेले. उचिमुरा कान्झो यांच्यासारखे ख्रिस्ती विचारवंत त्या भागात आधीच जाऊन आले होते. उशिओदा चिसेको यांच्यासारख्या ख्रिस्ती भगिनींनी तेथील स्त्रिया व मुलांसाठी मदत उभी केली.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे. ज्यांनी मते दिली त्यांना अर्ध्यावर सोडून प्रतिनिधीने सभागृहाबाहेर पडावे काय? संसदेत एक आवाज होता, तोही गेला. हा आक्षेप हलका नाही. जेथे बोलण्याची जागा मिळाली आहे तेथे ती टाकून देणे हा पुष्कळदा अहंकाराचा प्रकार असतो. आपले हात स्वच्छ ठेवण्यासाठी दुसऱ्याला उघड्यावर टाकणे असते. तानाका राजीनामा देऊन घरी बसले असते, आठवणी लिहीत राहिले असते, तर हा आक्षेप खरा ठरला असता. राजीनाम्याचे मोल राजीनाम्यात नसते; त्यानंतर मनुष्य कोठे जाऊन बसतो यावर ते ठरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या पहिल्या निवडणुकीत मतदानाचा हक्क होता तो पंचवीस वर्षांवरील आणि वर्षाला किमान १५ येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांनाच. म्हणजे लोकसंख्येत शंभरात जेमतेम एकाला. कागदोपत्री तानाका त्या एकाचे प्रतिनिधी होते. विषाने ज्यांची भाकरी हिरावली त्या बहुतेकांनी त्यांना मत दिलेलेच नव्हते, कारण त्यांना मतच नव्हते. तेव्हा संसद सोडल्याने त्यांचे या लोकांशी असलेले नाते तुटले नाही. ते संसदेने जोडलेले नव्हतेच.

ऐकणे

कावामाता प्रकरणी शेतकऱ्यांवर खटला चालला असताना तानाका यांनी न्यायालयात मोठ्याने जांभई दिली होती. त्यावरून अधिकाऱ्यांचा अवमान केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला आणि १९०२ साली त्यांना सुमारे चाळीस दिवसांचा तुरुंगवास घडला. या तुरुंगात त्यांनी नवा करार वाचला. आधीपासून त्यांच्याभोवती ख्रिस्ती मित्र होते. आराई ओसुई या एकांतप्रिय ख्रिस्ती गुरूचा त्यांच्यावर पुढे विशेष परिणाम झाला. तानाका कोणत्याही मंडळीचे सभासद झाले नाहीत, आणि त्यांना आपल्यात ओढून घेण्याची घाई आपण करू नये. त्यांनी ग्रंथ वाचला आणि त्याप्रमाणे चालण्याचा प्रयत्न केला, एवढे सांगणे पुरेसे आहे.

इकडे सरकारी चौकशी समितीने नवाच मार्ग काढला. विषाचा प्रश्न बाजूला पडला आणि पुराचा प्रश्न पुढे आला. वातारासे जेथे तोने नदीला मिळते त्याजवळ मोठे जलाशयक्षेत्र करावे, म्हणजे पूर आवरेल, असे ठरले. त्यासाठी यानाका हे गाव बुडवायचे होते. सुमारे साडेचारशे घरांचे, २,७०० वस्तीचे हे गाव. डिसेंबर १९०४ मध्ये, रशियाशी युद्ध चालू असताना, प्रांतिक सभेने रात्रीच्या गुप्त बैठकीत खरेदीचा खर्च मंजूर केला. त्याआधीच, जुलै १९०४ मध्ये, बासष्ट वर्षांचे तानाका यानाकात राहायला गेले होते.

ते तेथे लोकांना समजावयाला, धीर द्यायला, कायदा शिकवायला गेले. भाषणांची सवय जन्माची होती. पण काही वर्षांनी त्यांना उमगले की आपण आजवर या लोकांना फक्त ऐकवत आलो. त्यांचे ऐकले नाही. पाणी कोणत्या वाटेने चढते, बांध कोठे खचतो, कोणत्या महिन्यात कोणती मासळी, वेत, लव्हाळी घराला आधार देतात, हे अक्षर न वाचणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक होते आणि खासदाराला ठाऊक नव्हते. छप्पर उडाले तरी ही माणसे एकमेकांशी शांतपणे वागतात, हे बळ कोठून येते, हेही त्यांना शिकायचे होते. या शिक्षणाला त्यांनी 'यानाकाची विद्या' असे नाव दिले. आयुष्यभर शिकवत आलेला मनुष्य सत्तरीकडे झुकताना बुडत्या गावात विद्यार्थी झाला.

मराठीत 'ऐकणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कानाने ऐकणे हा एक. आणि 'पोरगा आईचे ऐकतो' असे आपण म्हणतो तेव्हा त्याप्रमाणे वागणे हा दुसरा. इब्री भाषेतील 'शामा' या क्रियापदातही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि जुन्या कराराचे भाषांतर करताना आपल्या भाषेची ही श्रीमंती कामी येते. यामागाता यांनी प्रश्न कानाने ऐकला होता. या दुसऱ्या अर्थाने ऐकला नव्हता. तानाका यांचेही वक्तृत्व मोठे होते, पण ऐकण्याचा दुसरा अर्थ त्यांना यानाकाने शिकवला. यहेज्केल संदेष्ट्याला बोलण्यासाठी पाठवले होते. तरी खबार नदीकाठच्या बंदिवानांपाशी गेल्यावर तो आधी सात दिवस त्यांच्यात स्तब्ध बसून राहिला, असे पवित्र शास्त्र सांगते. जो ज्यांच्याविषयी बोलणार, त्याने आधी त्यांच्यात बसावे, हा क्रम तेथेही आहे.

नाबोथाचा मळा

१९०६ साली यानाका गाव कायद्याने रद्द झाले. नकाशावरून नाव पुसले गेले. बहुतेक कुटुंबे तुटपुंजी भरपाई घेऊन निघून गेली. सोळा घरे राहिली. १९०७च्या जून अखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जमीन संपादनाच्या कायद्यान्वये, पोलीस बंदोबस्तात ती एकेक करून पाडण्यात आली. सारे कायदेशीर होते. नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीतही सारे रीतसर होते: पत्रांवर राजाची मोहर होती, वडीलजनांची सभा होती, साक्षीदार दोन होते. कायद्याचा आकार असणे आणि न्याय असणे या दोन वस्तू आहेत.

घरे पाडली तरी त्या कुटुंबांनी त्याच जागी झोपड्या उभारल्या आणि पुरात भिजत ती राहिली. येथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्याहून जड आहे. तानाका नसते, तर ही सोळा कुटुंबे इतरांबरोबर लवकर निघून गेली नसती काय? एका थोर माणसाच्या तत्त्वासाठी गरिबांची मुले चिखलात राहिली असे तर झाले नाही ना? ज्या कोणी दुसऱ्यांना संकटात टिकून राहण्यास सांगितले आहे, त्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. मी त्याचे उत्तर पूर्ण समाधानाने देऊ शकत नाही. दोन गोष्टी मात्र सांगता येतात. तानाका यांनी जे दुःख इतरांना सोसताना पाहिले ते दुरून पाहिले नाही. आणि त्यांच्या मृत्यूनंतरही ती कुटुंबे साडेतीन वर्षे, १९१७ पर्यंत, तेथेच राहिली. म्हणजे तो निश्चय त्यांचा स्वतःचा होता. तानाका यांनी त्यांच्या 'ऐवजी' केलेला नव्हता.

शेवटची वर्षे तानाका नद्यांच्या काठाकाठाने हिंडत होते. पूर कोठून येतो, पाण्याची उंची किती, लोकांनी काय पाहिले, हे विचारत व टिपत होते. नदीच्या स्वभावाविरुद्ध कोंडलेले पाणी कोठेतरी फुटणारच, असे त्यांचे मत होते. अशाच फिरतीवर आजारी पडून ४ सप्टेंबर १९१३ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, एका शेतकरी समर्थकाच्या घरी त्यांनी देह ठेवला. स्वतःची मालमत्ता त्यांनी या कामात केव्हाच घालवली होती. मागे राहिली ती गवताची टोपी, काठी आणि एक कापडी पिशवी. पिशवीत अपुरे हस्तलिखित, नवा करार, काही रोजनिशा, थोडे नदीतले शेवाळ, नाक पुसण्याचे कागद, तीन खडे, आणि साम्राज्याची राज्यघटना व मत्तयकृत शुभवर्तमान ही दोन एकत्र बांधलेली.

त्या एकत्र बांधलेल्या पुस्तकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. कायद्याने फसवल्यावर अनेक भक्तिमान माणसे कायदा टाकून देतात आणि केवळ स्वर्गाकडे पाहू लागतात. अनेक कार्यकर्ते याच्या उलट करतात. तानाका यांनी दोन्ही हाती ठेवले. शेतकऱ्याचा हक्क काय हे घटना सांगते. तो भुकेला, उघडा, तुरुंगातला मनुष्य कोण आहे हे मत्तयाचा पंचविसावा अध्याय सांगतो. पहिल्यावाचून दुसरे निव्वळ कळवळा होऊन बसते. दुसऱ्यावाचून पहिल्याचे काय होते, ते यानाकात दिसले.

हिशेब

फलाच्या दृष्टीने पाहिले तर तानाका हरले. खाण १९७३ पर्यंत चालली. यानाकाच्या जागी जलाशयक्षेत्र झाले. आज तेथे विस्तीर्ण लव्हाळीचे रान आहे आणि २०१२ पासून त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे. गावकऱ्यांनी लावलेल्या दाव्यात भरपाई अपुरी होती हे अपील न्यायालयाने १९१९ साली मान्य केले, तोवर तानाका यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. १९७४ साली खाणकंपनीने वातारासेकाठच्या शेतकऱ्यांना १५५ कोटी येन देण्याचे कबूल केले. संसदेत पहिला प्रश्न विचारला गेला त्याला त्र्याऐंशी वर्षे होत आली होती. यानाका परत आले नाही.

या उशिरा आलेल्या न्यायाने सारे ठीक झाले, असे म्हणणे त्या माणसांवर अन्याय करण्यासारखे होईल. चिखलात ज्यांची वर्षे गेली त्यांना ती कोणी परत दिली नाहीत. फळ आले नाही तरी चालते, असेही मी म्हणणार नाही. भुकेल्याला फळच हवे असते. परंतु एवढे निश्चित की, प्रतिनिधित्वाची परीक्षा फळावरून घेतली तर बहुतेक खरे प्रतिनिधी नापास होतील, आणि आसनावरून घेतली तर बहुतेक खोटे उत्तीर्ण होतील. तिसरी कसोटी हवी. तानाका यांचे जीवन ती पुरवते: आसन गेल्यावर हा मनुष्य कोणाच्या शेजारी बसलेला आढळतो?

आपल्या मंडळ्यांत, विश्वस्त मंडळांत, शाळांच्या व दवाखान्यांच्या समित्यांत निवडून दिलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांपैकी कित्येक प्रामाणिकपणे काम करतात आणि मुदत संपताच नव्यांना वाट करून देतात, हे योग्यच आहे. खुर्ची सोडावीच. परंतु ज्यांच्या नावाने आपण त्या खुर्चीवर बसलो, ती विधवा, तो बदली कामगार, ते फी न भरू शकणारे कुटुंब, यांच्या दारातली आपली वाटही त्याच दिवशी मोडली काय, हे प्रत्येकाने पाहावे. ती मोडली असेल, तर आपण त्यांच्या 'ऐवजी' बसलो होतो. त्यांच्यासोबत कधी बसलो नव्हतो.